ह्यांतलें तुझें कोणतें?

परवां दिवेलागणीच्या सुमारास मी ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसलों होतों. माझी नात कॉलेजांतून आली. घरीं आली म्हणजे ती आधीं स्वयंपाकघरांत जाऊन डबे उघडते आणि मग खांद्यावरची पिशवी उतरवते, असा रोजचा क्रम. त्या दिवशीं मात्र ती सरळ माझ्यापुढें येऊन उभी राहिली, हातांतली फाईल तिनें माझ्या मांडीवर ठेवली (टाकली म्हणणें अधिक खरें) आणि कांहीं एक न बोलतां माडीवर निघून गेली. वस्तुतः ती माझ्या पुतण्याची मुलगी. पण एकाच चुलीवर जेवणाऱ्या घरांत सख्खें-चुलत हा हिशेब रेशनकार्डाखेरीज कोणी ठेवीत नाहीं.

फाईल चांगली जाडजूड होती. वर सोनेरी अक्षरांत ‘यवतमाळ–मूर्तिजापूर रेल्वे : एक अभ्यास’ असें छापलेलें. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हल्लीं असा एक प्रकल्प करावा लागतो. घराबाहेर पडून, पाहून, विचारून कांहीं लिहावें अशी त्यांत अपेक्षा असते. हिनें आमच्या गांवची ‘शकुंतला’ हा विषय घेतला तेव्हां घरांत सर्वांनाच कौतुक वाटलें होतें. मीं पहिलें पान उलटलें. तेथें तिच्या बाईंनीं हिरव्या शाईनें तीनच शब्द लिहिले होते : ‘ह्यांतलें तुझें कोणतें?’

मीं चष्मा पुसला आणि चाळीसहि पानें वाचून काढलीं. पस्तीस वर्षें मीं ह्याच जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं कॉलेजांत इतिहास शिकविला आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून तपासून एक विद्या तेवढी हातीं लागली : चार ओळी वाचल्या कीं लिहिणाराचा गळा ओळखतां येतो. येथें तर दर दोन पानांनीं गळा बदलत होता. पहिलीं दोन पानें कोणा सरकारी अंमलदारानें लिहावीं तशीं, ‘सदर प्रकल्पाच्या अनुषंगानें’ आणि ‘उपरोक्त बाबी विचारांत घेतां’. पुढचीं पानें एखाद्या हळव्या वार्ताहराचीं. तेथें शकुंतला वऱ्हाडची जीवनवाहिनी होऊन दर परिच्छेदाला हुंदके देत होती. त्यापुढें यंत्राकडून इंग्रजीचें मराठी करून घेतलेलीं पानें. रुळांखालीं आडवे घालतात त्या लांकडी ओंडक्यांना इंग्रजींत ‘स्लीपर’ म्हणतात. यंत्रानें त्यांचे ‘झोपणारे’ केले होते, आणि पावसाळ्यांत झोपणारे कुजत असत व त्यांना वरचेवर बदलावें लागे, असें वाक्य गंभीरपणें छापलेलें होतें. आणि ही गाडी सुरू झाली कधीं? पान ४ वर १९०३, पान ११ वर १९१० आणि पान २३ वर १९१६. तिन्ही सालें एकाच फाईलींत शेजारधर्मानें नांदत होतीं.

मला राग आला. माडीवर जाऊन मीं तिला पुष्कळ बोलून घेतलें. ही चोरी आहे, असा शब्दहि माझ्या तोंडून गेला. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं वाङ्मयचौर्याविरुद्ध केलेले नियम तिला ऐकविले. प्रबंधांतलें साम्य शेंकडा दहापर्यंत असेल तर दंड नाहीं, साठांच्या वर गेलें तर नोंदणीच रद्द, वगैरे. ती खिडकींतून बाहेर पाहात होती. माझें झाल्यावर शांतपणें म्हणाली,

“आजोबा, चौथीत आम्हाला ‘माझी आई’ निबंध होता. बाईंनी फळ्यावर लिहून दिला, आम्ही उतरवून घेतला आणि पाठ केला. त्यातली आई पहाटे पाचला उठून सडा-रांगोळी करायची. वर्गात बेचाळीस मुली. बेचाळीस जणींच्या आया पाचला उठून सडा घालत होत्या. माझी आई साडेसहाला उठते आणि बँकेत जाते. मी तसं लिहिलं, तर दोन मार्क कापले. मग दहावीला गाईड, बारावीला ‘अपेक्षित’, कॉलेजात नोट्स. आणि आता एकदम विचारतात, ह्यातलं तुझं कोणतं? माझं कधी कुणी मागितलं होतं? तुम्ही तरी मागायचात का तुमच्या मुलांना?”

मी उत्तर न देतां खालीं आलों.

रात्रीं पानांवर तोच विषय निघाला. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें पदवीला आतां संशोधनाचें चौथें वर्ष जोडलें आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असले तर तेथें प्रवेश मिळतो. तें वर्ष करायचें आणि पुढें इतिहासांतच राहायचें, असें तिनें पूर्वींच ठरविलें होतें. आज मात्र म्हणाली, “मला नाही जमायचं ते. मला एक पान स्वतःचं लिहिता येत नाही.” तिच्या बापाला तेवढेंच हवें होतें. “मग बँकेच्या परीक्षेला बस,” तो म्हणाला, “तिथे निबंध कुणी मागत नाही. बरोबर उत्तरासमोर खूण करायची.” सूनबाईंनीं ताक वाढतां वाढतां नवऱ्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं विषय तेथेंच थांबला.

मला त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. पोरगी म्हणत होती तें खोटें नव्हतें, पण तें नुसत्या शाळेचेंहि नव्हतें. आमच्या घरांतली विद्या पिढ्यान्‌पिढ्या घोकण्याची. माझे आजोबा दशग्रंथी नसले तरी नित्याचें सगळें त्यांना मुखोद्गत होतें, आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली तर ते पुन्हां पहिल्यापासून म्हणायला लावीत. शब्द जसाचा तसा पुढच्या पिढीच्या हातीं द्यावा, त्यांत आपली काडी घालूं नये, हाच तेथें आदर. अशा घरांतल्या मुलीनें छापील परिच्छेद जसाचा तसा उतरवून ठेवला, तर तिच्या हाताला तें पाप वाटणार कसें? तिच्या रक्तांत तो नमस्कारच आहे.

पण ही झाली अर्धी गोष्ट. देवघराच्या फडताळांत त्याच आजोबांची निर्णयसिंधूची प्रत आहे. एकादशी आज कीं उद्यां, असा वाद निघाला म्हणजे ती खालीं निघे. काशीच्या कमलाकरभट्टांनीं हा ग्रंथ १६१२ सालीं लिहिला. पहांटे उठून मीं तो उघडला. तिथि पाहण्यासाठीं हा ग्रंथ मीं शेंकडो वेळां चाळला होता, पण तो लिहिला कसा आहे हें पाहण्यासाठीं कधींच नाहीं. पानोपानीं नांवें आहेत. हें वचन अमक्या स्मृतीचें, हेमाद्रि असें म्हणतो, माधव तसें म्हणतो, दुसऱ्या एका ग्रंथांत निराळेंच आहे. आणि इतक्यांना बोलूं देऊन झाल्यावर मग भट्ट स्वतःचा निर्णय देतात. दुसऱ्याचा शब्द जसाचा तसाच घेतलेला, पण त्याच्या नांवासकट. धर्मशास्त्रांत अशा ग्रंथांना नांवच मुळीं ‘निबंध’. आम्हीं तो शब्द उचलून शाळेंत नेला आणि त्यांतली नांवें तेवढीं मागें ठेवून दिलीं.

आतां माझ्याविषयीं. हें लिहावें कीं न लिहावें असा मी पुष्कळ दिवस विचार करीत होतों.

माझ्या पलंगाखालीं एक पत्र्याची पेटी आहे. तींत माझ्या नोट्स आहेत. चांगल्या वळणदार अक्षरांत, लाल शाईचे मथळे, प्रत्येक प्रश्नाला सात मुद्दे. १९७६ मध्यें नोकरीला लागलों तेव्हां त्या तयार केल्या आणि २०११ मध्यें निवृत्त होईपर्यंत त्याच सांगितल्या. नागपुरास एम. ए.ला असतांना आमच्या प्राध्यापकांनीं ज्या सांगितल्या त्यांवरूनच मीं त्या बनविल्या होत्या. त्यांनीं कोठून घेतल्या हें मीं विचारलें नाहीं. विचारण्याची रीत नव्हती. निवृत्तीनंतर एकदां एक जुना इंग्रजी ग्रंथ वाचतांना त्यांतला एक सबंध परिच्छेद मला ओळखीचा वाटला. ओळखीचा असणारच! तो मराठींत मीं पस्तीस वर्षें माझा म्हणून सांगत आलों होतों.

पण ती गोष्ट एक वेळ हंसण्यावारी नेतां येईल. दुसरी तशी नाहीं. १९८४ सालची चांचणी परीक्षा. प्रश्न होता, ‘अमेरिकेंतील यादवी युद्धाचा वऱ्हाडच्या कापूस-व्यापारावर झालेला परिणाम.’ विषय आमच्याकडचाच. १८६१ ते १८६५ पर्यंत तिकडे युद्ध चाललें, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि १८५३ पासून इंग्रजांच्या हातीं आलेल्या वऱ्हाडांत कापसाच्या भावानें एकदम उसळी मारली. युद्ध संपलें आणि भाव खालीं आला. माझ्या नोट्समध्यें ह्याचे सात मुद्दे होते. दिग्रसच्या बाजूच्या एका तांड्यावरून येणारा एक मुलगा वर्गांत होता. घरची बोली गोरमाटी. मराठी त्याला शाळेंत भेटलेली. त्यानें सातांपैकीं तीन मुद्दे कसेबसे लिहिले होते आणि शेवटीं मोडक्या अक्षरांत स्वतःचें एक वाक्य जोडलें होतें. त्याचा आशय असा : तेव्हां भाव लिव्हरपूलला ठरत होता, आतां मुंबईला ठरतो, माझ्या बापानें दोन्ही गांवें पाहिलेलीं नाहींत.

त्या काळीं महाराष्ट्रांत कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू होती. १९७२ पासून कापूस सरकारनेंच घ्यायचा आणि हमीचा भाव मुंबईंत ठरायचा, अशी व्यवस्था. म्हणजे त्या मुलानें एका वाक्यांत सव्वाशें वर्षांची तुलना केली होती, आणि पुरावा म्हणून आपला बाप उभा केला होता. मीं त्या वाक्यावर लाल रेघ ओढली आणि समासांत लिहिलें, ‘विषयांतर’. वीसांपैकीं सात गुण दिले. शेजारच्या बांकावरील मुलानें माझे सातहि मुद्दे माझ्याच शब्दांत लिहिले होते, त्याला पंधरा. मुलगा हुशार होता, त्यानें धडा घेतला. पुढें त्यानें माझ्या नोट्स अशा पाठ केल्या कीं विद्यापीठाच्या परीक्षेंत त्याला पहिला वर्ग मिळाला. आज तो स्वतः प्राध्यापक आहे. चार-पांच वर्षांपूर्वीं एका लग्नांत भेटला, वांकून नमस्कार केला आणि म्हणाला, “सर, अजून तुमच्याच नोट्स सांगतो.” मीं तें घरीं येऊन अभिमानानें सर्वांना सांगितलें होतें.

सकाळीं चहा झाल्यावर मीं पेटी ओढून बाहेर काढली आणि नातीला हांक मारली. नोट्स दाखविल्या, तो इंग्रजी ग्रंथ दाखविला, त्या मुलाची हकीकतहि सांगितली. ती कांहीं बोलली नाहीं. जरा वेळानें इतकेंच म्हणाली, “मग आता काय करायचं, आजोबा?” मला वाटतें, त्या दिवसापासून आम्हां दोघांचा अभ्यास सुरू झाला. मी शिकवीत होतों असें म्हणवत नाहीं.

पहिली अडचण तीन सालांची. तिनें मोबाईल काढला. मीं तो ठेवायला लावला आणि तिला म्हाइंभटाची गोष्ट सांगितली. सातशें वर्षांपूर्वीं आमच्या शेजारच्या जिल्ह्यांत, रिद्धपुरास, ह्या माणसानें चक्रधरस्वामींच्या आठवणी जमविल्या. ज्यांनीं स्वामींना पाहिलें होतें अशा माणसांकडे जाऊन, एकेकाला विचारून लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढें मूळ पोथी नाहींशी झाली तेव्हां अनुयायांनीं आठवणीवरून ती पुन्हां उभी केली. आणि जेथें एकाची आठवण दुसऱ्याशीं जुळेना तेथें दोन्ही ठेवून, कोणता पाठ कोणाचा हें नांवानिशीं नोंदविलें. त्यांच्या सांकेतिक लिपींतल्या पोथ्या उलगडूं लागल्या तेव्हां त्या कामांत आमच्या यवतमाळचा वाटा मोठा होता. येथले यशवंत खुशाल देशपांडे यांचें ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ सालीं निघालें, आणि त्यांच्या शारदाश्रमाचें नांव माझ्या वडिलांच्या तोंडीं नेहमीं असे. गांवाला १९७३ आणि २०१९ अशीं दोन साहित्य-संमेलनें पाहावयास मिळालीं त्याचा आम्हांला अभिमान आहे. शारदाश्रमाची आठवण मात्र मंडपांत गर्दी करीत नाहीं.

“म्हणजे तिन्ही सालं लिहायची?” तिनें विचारलें.

“लिही. पण कोण कोणतं म्हणतं तें लिही. आणि कशाविषयीं म्हणतं तेंहि बघ. रूळ घालायला लागले तें साल, कंपनी निघाली तें साल, काम पुरें झालें तें साल, हीं एकच असतील असं नाहीं.”

ती खुर्चीवर एकदम ताठ बसली. आपल्यापुढचे तीन आंकडे म्हणजे तीन उत्तरें नसून कदाचित् तीन प्रश्न आहेत, हें तिच्या तेव्हां ध्यानांत आलें असावें.

मग आम्ही आत्याकडे वळलों. माझी थोरली आत्या त्र्याण्णव वर्षांची आहे. कान गेले, आठवण शाबूत. चाळीस वर्षें ती आमच्याकडेच आहे. आणि ज्या गाडीवर घरांत चाळीस पानांची फाईल तयार झाली त्या गाडीनें ती सासरीं गेली होती, हें नातीला माहीतच नव्हतें! कोणी विचारलेंच नव्हतें. १९५० सालीं लग्न झाल्यावर वरातीची मंडळी यवतमाळाहून कारंजास निघाली. आत्या सांगत होती, नात लिहून घेत होती. ‘शकुंतला’ हें नांव आमच्या आत्याच्या तोंडीं नाहीं. ती ‘छोटी गाडी’ म्हणते. दारव्हा मोतीबागला गाडी पाण्यासाठीं थांबली, मंडळी पाय मोकळे करायला उतरली, आणि गाडी सुटल्यावर ध्यानांत आलें कीं रुखवताच्या भांड्यांची पेटी फलाटावरच राहिली. सासरे ओरडले, गार्डानें झेंडी दाखविली, आणि गाडी चक्क मागें आली!

गोष्ट फर्मास होती. पण त्याच वरातींत धाकटी आत्या पाठराखीण म्हणून गेलेली. ती आतां अमरावतीस असते. तिला फोन लावला. ती म्हणाली, “छे गं! गाडी कशाला मागे येईल? ताईला डोक्यावरच्या पदरातून काय दिसत होतं? पेटी दुसऱ्या दिवशी मामा घेऊन आले.” झालें! घरांत आठ दिवस दोन तट पडले. माझा थोरला भाऊ थोरल्या आत्याचा, वहिनी धाकटीच्या बाजूच्या. नातीनें दोघींच्या हकीकती जशाच्या तशा लिहिल्या आणि खालीं आपलें एक वाक्य घातलें : ह्या मार्गावर गार्ड आणि प्रवासी यांची इतकी ओळख असे कीं गाडी मागें आली असें म्हटलें तरी ऐकणाऱ्यांना तें अशक्य वाटत नाहीं. हें वाक्य तिनें मला भीत भीत दाखविलें. “हें कुठलं?” मीं विचारलें. “कुठलंच नाही,” ती म्हणाली, “मला वाटलं.”

लिहिण्याचें खरें काम ह्यापुढें सुरू झालें, आणि तें मला वाटलें होतें त्याहून जड गेलें. गप्पा मारतांना ही मुलगी खळाळून बोलते. कागद पुढें आला कीं तिच्या अंगांत सरकारी कचेरी शिरते. ‘ह्या रेल्वेचा इतिहास अत्यंत गौरवशाली आहे,’ असें तिनें सुरवातीस लिहिलें. मीं विचारलें, गौरव कोणाचा? किलिक-निक्सन कंपनीचा, कीं कापूस विकणाराचा, कीं सत्तर वर्षें ही गाडी ओढणाऱ्या मँचेस्टरच्या इंजिनाचा? तिनें विचार केला आणि वाक्य खोडलें. त्या जागीं लिहिलें, ‘१९२१ मध्यें मँचेस्टरला बांधलेलें वाफेचें इंजिन ह्या मार्गावर १९९४ पर्यंत चाललें.’ गौरव गेला आणि इंजिन आलें. ‘सिद्ध होतें’ हा शब्द पहिल्या मसुद्यांत अकरा वेळां होता. शेवटच्यांत एकदांहि नाहीं. ‘दिसतें’, ‘असावें’, ‘अमक्याच्या म्हणण्याप्रमाणें’ हे साधे घरगुती शब्द आपण वाण्याच्या हिशेबांत रोज काटेकोरपणें वापरतों. विद्वत्तेच्या प्रांतांत पाऊल टाकलें कीं आपल्याला त्यांची लाज वाटूं लागते.

रोज रात्रीं जेवणें झाल्यावर ती दोन पानें मोठ्यानें वाचून दाखवी. ज्या वाक्याला ऐकणारांपैकीं कोणी जांभई दिली तें वाक्य पुन्हां लिहायचें, असा नियम सूनबाईंनीं घातला. तो माझ्या साऱ्या नोट्सपेक्षां उपयोगी पडला.

मध्यंतरीं तिच्या बापानें आपल्या परीनें मदत केली. संगणकावर हल्लीं जें नवें लेखनयंत्र निघालें आहे त्याला त्यानें विषय सांगितला. मिनिटभरांत पांच पानें तयार. भाषा निर्दोष, ‘झोपणारे’ कोठेंहि नाहींत. खालीं एका ग्रंथाचा हवाला, लेखक आणि सालासकट. मुलगी त्या ग्रंथासाठीं गांवांतल्या जुन्या वाचनालयांत दोन दिवस गेली, सगळीं सूचीपत्रें पाहिलीं, ग्रंथपालांना त्रास दिला. शेवटीं समजलें कीं असा ग्रंथ कोणीं लिहिलेलाच नाहीं. पुतण्या ओशाळला. मला मात्र यंत्राचा फारसा राग येईना. बेचाळीस आयांना पहाटे पांचला उठविणाऱ्या आम्हां मास्तरांचाच तो सुधारलेला अवतार.

एक लहानसें बंडहि झालें. आत्याचें नांव नातीनें तळटीपेंत घातलें : ‘माहिती सांगणारी, वय ९३.’ तें वाचून दाखविल्यावर आत्या म्हणाली, “तळटीप म्हणजे?” पानाच्या खालीं, बारीक अक्षरांत, असें कळतांच ती रुसली. “त्र्याण्णव वर्षांची मी, आणि मला पायाशी घालता? वर घ्या.” तिला आम्ही समजावलें कीं विद्वान लोक सर्वांत महत्त्वाचा माणूस खालींच ठेवतात, कारण वरचें सगळें त्याच्यावर उभें असतें. तिला तें पटलें असें वाटत नाहीं. अखेर आत्या तळटीपेंतून वर मजकुरांत आली. अभ्यासाच्या रीतीला तें सोडून आहे कीं काय कोणास ठाऊक. घराच्या रीतीला धरून आहे.

दीड महिन्यानें फाईल पुन्हां बाईंकडे गेली. चाळीस पानांचीं एकोणीस झालीं होतीं. आठवड्यानें परत आली ती नातीनें धांवतच माझ्याकडे आणली. हिरवी शाई ह्या वेळीं पुष्कळ ठिकाणीं होती. पान १४ वर तिनें लिहिलें होतें कीं ही गाडी माणसांसाठीं नसून कापसासाठीं होती, आणि कापूस जेथें जात होता तेथलें शेतकऱ्याला कांहीं कळत नव्हतें. समासांत बाईंचें वाक्य होतें : ‘हें मत मला पटलेलें नाहीं. पुरावा?’ पोरीचा आनंद गगनांत मावेना. आपल्याशीं कोणी असहमत झालें, म्हणजे आपलें कांहीं तरी आहे, हा तिचा हिशेब. “पण पुरावा कुठून आणू, आजोबा?” ती म्हणाली. “शेतकऱ्याला काय कळत नव्हतं हे कुणी लिहून ठेवलंय?”

लिहून ठेवलें होतें. मींच त्यावर रेघ ओढली होती.

संध्याकाळीं मीं त्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. ख्यालीखुशालीचें झालें. मग मीं विचारलें, “चौऱ्याऐंशी सालच्या चांचणी परीक्षेंत कापसाच्या प्रश्नाखालीं तू एक वाक्य लिहिलं होतंस. आठवतं का?”

पलीकडे क्षणभर कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग त्यानें तें वाक्य म्हणून दाखविलें, लिव्हरपूलपासून बापापर्यंत. माझ्या आठवणींत होतें त्याहून तें दोन शब्दांनीं अधिक चांगलें होतें.

“तें माझ्या नातीला तिच्या प्रकल्पांत हवं आहे,” मीं म्हटलें. “तुझं नांव घालून. चालेल का?”

“घाला ना, सर.” तो थांबला. “फक्त आडनाव नीट लिहायला सांगा. तुम्ही हजेरीच्या वहीत तीन वर्षं चुकीचं लिहीत होता.”

मीं कागद-पेन्सिल ओढली आणि त्याला एकेक अक्षर सांगायला लावलें.